सोनोग्राफीत ‘सीबीडी डायलेटेड’ लिहून आलं, आता काय काय पाहायचं

आमच्या इकडे सोनोग्राफीचा रिपोर्ट घरी जायच्या आधी मेडिकलच्या काउंटरवर येतो. माझं दुकान यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात आहे, लोकं लिफाफा पुढे सरकवतात अन् म्हणतात, ‘भाऊ, याच्यात काय लिवलं हाय सांग बरं.’ बहुतेकांचं फॅटी लिव्हर ग्रेड वन निघतं, ते सोडा. पण कधी कधी खाली एक ओळ असते, ‘सीबीडी डायलेटेड’ म्हणजे पित्ताची नळी फुगली, सोबत ‘एमपीडी प्रॉमिनंट’ म्हणजे स्वादुपिंडाची नळी ठळक, अन् शेवटी ‘सजेस्ट एमआरसीपी’ म्हणजे एमआरआय मशीनवर या नळ्यांचा फोटो काढा. मग पोरगा मोबाईलवर तीच ओळ टाकतो, पहिल्या झटक्यात कॅन्सर दिसतो अन् घरात रडारड सुरू होते. दुसरे असेही आहेत की पोट दुखायचं थांबलं म्हणून तोच रिपोर्ट पेटीत टाकून देतात अन् पुढच्या हंगामापर्यंत काढत नाहीत. मी डॉक्टर नाही, औषधं विकतो, पण ही ओळ इतक्यांदा पाहिली की आता वाटते एकदा नीट लिहूनच टाकावं, कोणत्या क्रमानं काय पाहायचं, डॉक्टरला काय सांगायचं, काय विचारायचं. नळी फुगायची कारणं खूप आहेत अन् त्यातली बरीचशी साधी आहेत, पण साधं आहे हे घरी बसून ठरवता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नळ्या कोणत्या ते आधी पाहू. लिव्हरमध्ये पित्त तयार होते, ते आतड्यात आणणारी मोठी नळी म्हणजे सीबीडी. पित्ताशय, ज्याला आपण गॉलब्लॅडर म्हणतो, ती बाजूला जोडलेली पिशवी. स्वादुपिंडाचा म्हणजे पॅनक्रियाचा पाचक रस आणणारी नळी म्हणजे एमपीडी. दोन्ही नळ्या शेवटी जवळपास एकाच तोंडातून लहान आतड्याच्या सुरुवातीला उघडतात, अन् त्या तोंडावर स्नायूची एक कडी असते, ती उघडझाप करते. इटलीतल्या रुग्गेरो ओड्डीनं १८८७ साली, मेडिकलला शिकत असतानाच तिचं वर्णन केलं म्हणून तिला ओड्डीचं नाव लागलं. आता शेतातला पाट खाली कचऱ्यानं तुंबला की वरच्या बाजूला फुगतो ना, तसंच हे आहे, नळी फुगली म्हणजे खाली काही अडलं असेल, नाहीतर नळीच वयानं सैल झाली असेल. सगळा शोध एवढ्याचाच, खाली काही अडलं आहे का अन् असेल तर काय.

आकड्यांचं सांगतो. सोनोग्राफीत सीबीडी साधारण ६ मिमीपर्यंत नॉर्मल धरतात, काही डॉक्टर ७ पर्यंत चालवून घेतात. साठीनंतर दर दहा वर्षाला साधारण १ मिमीची सूट देतात, म्हणजे ऐंशीच्या आबाजीची नळी ८ मिमी आली अन् बाकी सगळं चांगलं असलं तर कोणी फार दचकत नाही. पित्ताशय काढलेल्या माणसाची १० मिमीपर्यंत चालते. स्वादुपिंडाची नळी डोक्याकडच्या भागात ३ मिमीपर्यंत, मधे २ च्या आसपास अन् शेपटीकडे त्याच्याहून बारीक. हे आकडे अंदाजाचे आहेत, कायद्याची कलमं नाहीत. ६.५ आली म्हणून रात्रभर जागायचं काम नाही अन् ५.५ आहे म्हणून कावीळ असूनही निश्चिंत राहायचं काम नाही.

कोणत्या माणसानं हे वाचत बसू नये

डोळे पिवळे झाले, लघवी गडद, संडास पांढरट मातीच्या रंगाची, अंगाला खाज, यातलं काही असलं तर आधी दवाखाना, वाचन नंतर. थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं अन् कावीळ हे तिन्ही सोबत असले तर तो अडलेल्या नळीतला जंतुसंसर्ग असू शकतो, तो रक्तात पसरला की माणूस बारा-चोवीस तासात हातचा जाऊ शकतो. त्याच दिवशी निघा, १०८ ला फोन करा, सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. म्हाताऱ्या माणसात तिन्ही लक्षणं नसतात बरं, नुसता ताप अन् बडबड एवढंच दिसते.

अन् ही कावीळ उतरवायची भानगड. आपल्याकडे गळ्यात माळ घालतात, चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी काढून दाखवतात, झाडपाला देतात. विषाणूची कावीळ, म्हणजे दूषित पाण्यातून येणारी, ती बहुतेकांची आपल्या आपणच काही आठवड्यांत उतरते, म्हणून माळेचं नाव होते. नळी अडल्याची कावीळ माळेनं उतरत नाही, ती वाढत जाते, अन् त्या नादात महिना निघून जातो. माळ घालायचीच असेल तर घाला, मी कोणाच्या गळ्यातली काढत नाही, पण रक्त तपासून घाला.

पन्नाशीच्या पुढचा माणूस, न दुखता कावीळ, वजन उतरून राहिलं, किंवा घरात कोणाला शुगर नसताना एकाएकी शुगर निघाली, अशा माणसासाठी खालची साधी कारणं शोधत बसू नका. त्याला आधी कॉन्ट्रास्टचा, म्हणजे शिरेत औषध टाकून काढलेला सीटी स्कॅन लागतो, अन् तोही नळीत स्टेंट, म्हणजे ती मोकळी ठेवणारी बारीक नळी, टाकायच्या आधी झालेला बरा, कारण स्टेंट टाकल्यावर फोटो नीट वाचता येत नाही.

आता घरच्या घरी काय आठवायचं

कागद घ्या अन् डॉक्टरकडे जायच्या आधीच लिहून काढा, तिथं गेल्यावर अर्धं आठवत नाही अन् ओपीडीत तीन मिनिटं भेटतात.

पहिला प्रश्न, पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आहे का? हसू नका. पोटावर दुर्बिणीचे चार बारीक डाग असतात, वीस वर्षं झालेली असतात, बाई म्हणते ‘खडे काढले होते’, पण पिशवी काढली की नुसते खडे हे तिला माहीत नसते. पिशवी काढली असेल तर नळी थोडी रुंद होणं हे सगळ्यात साधं कारण आहे. वय अन् काढलेलं पित्ताशय, या दोन कारणांतच बरेच जण मोकळे होतात, जर रक्ताचा लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल असेल तर. पण एक पेच आहे, पित्ताशय काढलं तरी खडा नळीत राहून गेलेला असू शकतो किंवा नंतर नळीतच तयार होऊ शकतो, म्हणून ‘ऑपरेशन झालं आहे ना, मग खडा कसा’ असं म्हणून वाद घालू नका.

खडे हे दुसरं मोठं कारण. पित्ताशयातला खडा घसरून खाली नळीत अडकतो. सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे चांगले दिसतात पण नळीचा खालचा भाग आतड्यातल्या गॅसमागे लपतो, म्हणून ‘खडा दिसला नाही’ म्हणजे ‘खडा नाही’ असं होत नाही. रिपोर्टात ‘डिस्टल सीबीडी ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस’ असं काही आहे का ते वाचा, असलं तर खालचा भाग पाहिलाच गेला नाही असं समजा. सीटीतही कोलेस्टेरॉलचे बरेचसे खडे दिसत नाहीत, हेही लक्षात असू द्या, कारण ‘सीटी केला, त्यात काही नाही’ हे वाक्य मी फार ऐकतो.

आता आपल्या भागाची खास गोष्ट, सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशींचा जन्मापासूनचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, या पट्ट्यात सिकलचे पेशंट भरपूर आहेत. केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम २०२३ च्या जुलैत सुरू झाली तेव्हापासून गावागावात तपासण्या वाढल्या हे चांगलं झालं. आपली तांबडी पेशी १२० दिवसांच्या आसपास जगते, सिकलची पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. फुटलेल्या पेशीतून बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, बनते, ते पित्तात उतरते अन् त्याचे काळे खडे होतात. म्हणून सिकलच्या पेशंटमध्ये पंधरा वर्षाच्या पोराच्याही पित्ताशयात खडे सापडतात, ते पाहून लोकं म्हणतात एवढ्याशा पोराला खडे कसे. हे एसएस पॅटर्नवाल्यांचं, नुसत्या वाहकांचं म्हणजे एएस वाल्यांचं सहसा असं होत नाही.

अन् याच्यात एक फसगत आहे. सिकलच्या पोराचे डोळे तसेही कायम पिवळसर असतात, घरच्यांना सवय झालेली असते, ‘त्याचं असंच राहते’ म्हणतात. त्याचं ते रोजचं पिवळेपण इनडायरेक्ट बिलिरुबिनचं, म्हणजे पेशी फुटून आलेल्या रंगाचं. नळीत खडा अडकला की डायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे लिव्हरनं पित्तात सोडायला तयार केलेलं, वाढते, पण डोळे आधीच पिवळे असल्यानं ते कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून सिकलच्या माणसाचा एखादा बरा असतानाचा लिव्हरचा रिपोर्ट जपून ठेवा, नव्याशी ताडून पाहायला. कुठलंही ऑपरेशन, एंडोस्कोपी, भूल असेल तर सिकल आहे हे आधी सांगा, कार्ड दाखवा, कारण त्यांना पाण्याची कमतरता अन् ऑक्सिजनची कमतरता दोन्ही महागात पडतात. एमआरसीपीसाठी उपाशी राहायला सांगतात तेव्हा सेंटरवाल्याला विचारून घ्या की पाणी किती वेळापर्यंत चालेल अन् नंबर सकाळचा मागा, दुपारपर्यंत उन्हात कोरडं बसवून ठेवू नका. वैशाखात तर अजिबात नाही.

तिसरा प्रश्न गोळ्यांचा, अन् हा प्रश्न डॉक्टर विचारतीलच असं नाही. मॉर्फिन, कोडीन या गटातल्या औषधांनी ती तोंडावरची कडी आवळते अन् खूप दिवस घेतल्यानं सीबीडी रुंद दिसू शकते, अफूची सवय असलेल्यांतही हे दिसते. ट्रामाडॉलही त्याच गटातलं, कडीवर त्याचा जोर कमी, पण कंबरदुखीसाठी वर्षानुवर्षं चालू असेल तर सांगायलाच पाहिजे. कोडीनचं खोकल्याचं औषध नशेसाठी पिणारी पोरंही आहेत, आईबापाला पत्ता नसतो. कंबरेची कोणती गोळी चालू आहे विचारलं तर ‘पांढरी अन् गुलाबी’ असं उत्तर येते, म्हणून सांगतो, पत्ते सोबत न्या, रिकामे असले तरी न्या. अन् ज्याला कॅन्सरच्या दुखण्यासाठी मॉर्फिन चालू आहे त्यानं हे वाचून ते आपल्या मनानं बंद करू नये, कृपा करा, ते औषध त्याच्या हक्काचं आहे.

मग दारू. स्वादुपिंडाला जुनी सूज असली की त्याच्या नळीत खडे बनतात, नळी कुठं आवळते कुठं फुगते, अन् स्वादुपिंडाचं डोकं सुजून सीबीडीलाही खालून दाबते, म्हणजे एकाच रोगानं दोन्ही नळ्या फुगू शकतात. वरच्या पोटातून पाठीत जाणारं दुखणं, जेवल्यावर वाढणारं, तेलकट तरंगणारी संडास, उतरणारं वजन, नंतर शुगर. बिडी-सिगारेटनं हा रोग आणखी वाढतो. आता गंमत अशी की वर्धा १९७५ पासून अन् गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीचे जिल्हे, तिकडचा पेशंट डॉक्टरसमोर कधीच दारू पीत नाही, मोहाची तर नाहीच नाही. डॉक्टर पोलीस नाही हो. किती अन् किती वर्षं ते खरं सांगा, बायकोला बाहेर बसवा पाहिजे तर. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, किती लागते तेही सांगा. आणि दारूला न शिवलेल्या, बारीक अंगाच्या तरुण पोरालाही स्वादुपिंडात खडे निघू शकतात, भारतात असा एक प्रकार जुन्या काळापासून माहीत आहे, म्हणून प्रत्येकाला दारुड्या ठरवू नका.

जंत. हसण्यासारखं वाटते पण गोल मोठा जंत आतड्यातून वर चढून पित्ताच्या नळीत शिरतो, काश्मीरकडून याचे भरपूर पेशंट नोंदले गेले. सोनोग्राफीत कधी तो हलताना दिसतो. बहुतेक वेळा औषधानं अन् वाट पाहून तो आपल्या आपणच बाहेर येतो, नाही आला तर दुर्बिणीतून ओढतात. पोरांना फेब्रुवारी अन् ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोल देतात ती चुकवू नका एवढंच.

लहान मुलगी किंवा तरुण बाई असेल, नळी एकदम फुगून पिशवीसारखी दिसत असेल, तर डॉक्टर कोलेडोकल सिस्ट म्हणतील. हे जन्मापासूनचं असते, मुलींत मुलांपेक्षा जास्त. साधं कारण या यादीत ते येते खरं, पण सोडून द्यायचं नाही, कारण त्या पिशवीत पुढे कॅन्सर व्हायचा धोका असतो म्हणून ती काढून आतड्याचा तुकडा जोडतात. ‘आता दुखत नाही, लग्नानंतर पाहू’ हे इथं चालत नाही. लग्नाआधी लपवायची ही गोष्ट नाही अन् ऑपरेशननंतर पोरगी चांगली जगते.

म्हाताऱ्या माणसांत आणखी एक, लहान आतड्याला त्या तोंडाजवळच एक बाहेरची पिशवी निघते, तिच्यात हवा-अन्न भरलं की ती नळीला दाबते. जर्मनीतल्या लेम्मेल नावाच्या डॉक्टरनं १९३४ मध्ये हे सांगितलं. कित्येकांना ती असते अन् काही त्रास नसतो. याशिवाय त्या तोंडाचंच आकुंचन, जुन्या टीबीच्या गाठींचा दाब, पोर्टल शीर बंद पडून तिच्याभोवती फुगलेल्या शिरांचा दाब (हा बहुतेक तरुण माणसांत, ज्यांना आधी रक्ताची उलटी झाली असते त्यांच्यात), पित्ताशयाच्या गळ्यात अडकलेल्या खड्यानं शेजारच्या नळीला दाबणं, अन् आयजीजी-४ वाली स्वादुपिंडाची सूज, जी फोटोत हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते पण स्टेरॉइडनं विरघळते. ही नावं पाठ करायची गरज नाही, रिपोर्टात आली तर ओळखीची वाटावी म्हणून लिहिली.

दोन्ही नळ्या फुगल्या असतील तर

रिपोर्टात ‘डबल डक्ट’ असा शब्द दिसला की नेटवर सरळ स्वादुपिंडाच्या डोक्याचा कॅन्सर येतो. कारण खरंच तो त्या जागी दोन्ही नळ्या एकदम दाबतो, अन् तोंडावरची गाठही तेच करते. म्हणून डबल डक्टला हलकं घ्यायचं नाही, महिनाभरात पाहू असं करायचं नाही. पण कावीळ नाही, लिव्हरचा रिपोर्ट साफ, सीटीत गाठ नाही, वजन टिकून आहे, अशा माणसात तोंडाशी अडकलेला खडा, जुनी सूज, आवळलेलं तोंड, आतड्याची ती पिशवी, चालू असलेलं ओपिऑइड म्हणजे मॉर्फिनच्या गटातलं औषध, नुसतं वय, यांपैकीही काही निघते. कावीळ सोबत आहे की नाही यानं सगळं चित्र बदलते, त्यामुळे रक्त आधी तपासा.

नुसती स्वादुपिंडाची नळी ५ मिमी किंवा जास्त असेल तर तिला स्वतंत्रपणे पाहावं लागते, १० च्या वर तर जास्तच. आयपीएमएन नावाची एक गोष्ट आहे, नळीच्या आतल्या अस्तरात चिकट पदार्थ बनवणारी वाढ, ती आज कॅन्सर नसली तरी पुढे होऊ शकते. तिला मी साध्या कारणात टाकणार नाही, भले कोणी रिपोर्टवर बिनाइन लिहू दे.

रक्ताचा रिपोर्ट कसा वाचायचा

एलएफटी म्हणजे लिव्हरची रक्त तपासणी करा, जीजीटी हे लिव्हरचं एक एन्झाइम, तेही सोबत मागा. बिलिरुबिनमध्ये डायरेक्ट किती ते पाहा. अल्कलाइन फॉस्फेटेज अन् जीजीटी दोन्ही वाढले असतील तर नळीत अडथळा असायची शक्यता वाढते. नुसतं अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलं अन् जीजीटी नॉर्मल तर ते हाडाचंही असू शकते, वाढत्या पोरांत तर ते वाढलेलंच राहते. पोटात जोरात दुखून दुसऱ्या दिवशी एसजीओटी-एसजीपीटी हे लिव्हरचे एन्झाइम चढलेले अन् चार दिवसांत उतरलेले, हे खडा नळीतून सरकल्याचं लक्षण असू शकते, म्हणून दुखताना काढलेला रिपोर्ट फार कामाचा, बरं वाटल्यावरचा तेवढा नाही. दुखलं तेव्हाच लॅब गाठा.

सीए १९-९ नावाची कॅन्सरच्या शंकेसाठीची रक्ताची टेस्ट लोकं आपल्या मनानं करून आणतात. नका करू. कावीळ असताना किंवा नळीत जंतुसंसर्ग असताना तो आकडा साध्या खड्यानंही शेकड्यात जातो, अन् काही लोकांच्या शरीरात ते रसायन बनतच नाही त्यामुळे कॅन्सर असूनही नॉर्मल येते. डॉक्टरनं सांगितली तर करा.

सगळे आकडे नॉर्मल, लक्षण काही नाही, सीबीडी ८ मिमी अन् पित्ताशय काढलेलं, अशा माणसाला बरेच डॉक्टर पुढची तपासणीही सांगत नाहीत, काही महिन्यांनी रक्त अन् सोनोग्राफी परत करा म्हणतात. ते टाळाटाळ करून राहिले असं समजू नका.

पुढचा फोटो कोणता अन् कुठं

तालुक्याला एमआरआय नसते, यवतमाळ, अमरावती, अकोला, चंद्रपूर, नाहीतर सेवाग्राम-सावंगी-नागपूर गाठावं लागते. जायच्या आधी नळीसाठी बहुतेक एमआरसीपीच लागेल हे धरून चाला. त्याच्यात रेडिएशन नाही, साध्या एमआरसीपीला इंजेक्शनही लागत नाही, चार ते सहा तास उपाशी राहावं लागते, अन् श्वास धरून ठेवावा लागते, म्हाताऱ्या माणसाला घरूनच थोडी प्रॅक्टिस करवा, फोटो चांगले येतात. पेसमेकर, डोक्यातली क्लिप, डोळ्यात कधी वेल्डिंगची किरची गेली असेल, सगळं सांगा. बंद मशीनची भीती असेल तर तेही आधी सांगा, आत गेल्यावर घंटी वाजवून नंबर वाया जातो. अगदी बारीक खडा, ३-४ मिमीच्या आतला, एमआरसीपीतूनही सुटू शकतो, त्यासाठी तोंडातून दुर्बीण टाकून आतून सोनोग्राफी करतात, तिला ईयूएस म्हणतात. तोंडाजवळची बारीक गाठही तिच्यातच चांगली दिसते. ती मोठ्या ठिकाणीच होते.

सोनोग्राफीचा आकडा अन् सीटीचा आकडा एकमेकाला लावू नका. मोजायची पद्धत वेगळी, सीटी-एमआरआयमध्ये नळी थोडी जास्त भरते. दारव्ह्याला ७ अन् नागपूरला ९ आलं म्हणून ‘आठ दिवसात दोननं वाढली’ असं होत नाही. सोनोग्राफी सोनोग्राफीशी ताडा, शक्य तर त्याच डॉक्टरकडची, अन् सकाळी उपाशीपोटी केलेली.

सोबत न्यायचं ते सगळं एकाच पिशवीत ठेवा, जुने रिपोर्ट, फिल्म अन् सीडी, नुसता कागद नाही, कारण मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर कागदापेक्षा फोटो पाहतो. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांचे पत्ते, आधार, रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड. महात्मा फुले योजना अन् आयुष्मानची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पण तुमची नुसती तपासणी त्यात बसते का भरती झाल्यावरच बसते, हे पैसे भरायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, विचारा. पैसे भरून पावती फाडल्यावर विचारणारे फार येतात.

डॉक्टरला विचारायचे प्रश्न साधेच: खालचं टोक दिसलं का, नळी हळूहळू बारीक होत गेली का एकदम कापल्यासारखी थांबली (एकदम थांबणं जास्त काळजीचं), लिव्हरच्या आतल्या बारीक नळ्याही फुगल्या आहेत का, अन् जुन्या फोटोशी ताडलं का?

ईआरसीपी अन् स्टेंट

ईआरसीपी म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून नळीच्या तोंडापर्यंत जायचं, ती आता फक्त पाहायची तपासणी राहिली नाही. काही करायचं असेल, खडा काढायचा, तोंड कापायचं, स्टेंट टाकायचा, तेव्हाच ती करतात, कारण तिच्यानं स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, शंभरात साधारण तीन ते दहा जणांना येते. ती कमी व्हावी म्हणून त्या वेळी डायक्लोफिनॅक किंवा इंडोमेथॅसिनची १०० मिग्रॅची कांडी संडासच्या जागेतून देतात, तिची चिठ्ठी आमच्याकडे येते तेव्हा माणूस लाजून परत जातो. लाजू नका, घ्या. फक्त पित्ताशय काढल्यानंतर पोट दुखते, नळी नॉर्मल, रक्त नॉर्मल, अन् कोणी तोंड कापून देतो म्हणत असेल तर थांबा, दुसऱ्याला विचारा. अमेरिकेत अशा पेशंटवर एपिसॉड नावाचा अभ्यास झाला, २०१४ मध्ये निकाल आला, कापलेल्यांना न कापलेल्यांपेक्षा काही जास्त फायदा झाला नव्हता.

प्लास्टिकचा स्टेंट टाकला असेल तर तो कायमचा नसते. साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागते, नाहीतर तो आतून गाळानं बंद होते, परत कावीळ, परत थंडीताप. आपल्याकडे काय होते, कावीळ उतरली, भूक लागली, सोयाबीन काढायला आलं, मग कापूस, अन् स्टेंट वर्षभर आतच. कित्येकांना तर आत काही ठेवलं आहे हेच माहीत नसते. डिस्चार्ज कार्डवर ‘स्टेंट इन सीटू’, म्हणजे स्टेंट आतच आहे, असं लिहिलं आहे का पाहा, अन् काढायची तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा, घरातल्या शिकलेल्या पोरीच्या मोबाईलमध्येही टाका.

पथ्याचं सगळेच विचारतात. नुसती नळी रुंद आहे, बाकी काही नाही, त्याला वेगळं पथ्य नाही, वरण-भात, भाकर, भाजी, आपलं नेहमीचं चालते. खडे असतील तर ते निघेपर्यंत तळलेलं, तर्रीवाली भाजी, सावजीचं मटण कमी ठेवा, कारण तेलकट खाल्लं की पित्ताशय आवळते अन् दुखणं उठते. स्वादुपिंडाची जुनी सूज असेल तर दारू अन् बिडी पूर्ण बंद, अन् डॉक्टरनं एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्या असतील तर त्या जेवणासोबत, पहिल्या घासालाच सुरू करायच्या, जेवून तासाभरानं घेतल्या तर वाया जातात. खडे विरघळवतो म्हणून विकला जाणारा कुठलाही काढा माझ्या दुकानात मागू नका, मी ठेवत नाही.